उतारवयात घरचा स्टिरिओ बदलावा का? खिशात हात घालण्याआधी कान तपासून घ्या

गेल्या रमजान ईदला आमचा धाकटा मुलगा पुण्याहून गोंदियाला आला. शीरखुर्मा झाला, पाहुणे गेले, आणि बैठकीतल्या जुन्या स्टिरिओकडे बोट दाखवून तो म्हणाला, "अब्बा, हा डबा आता काढा. मी नवा सेट घेऊन देतो." आम्ही दोघं मियाँ-बीवी एकमेकांकडे पाहत राहिलो. सेट जुना झाला होता, हे खरंच. टेपमधला आवाज लडखडायचा, डाव्या स्पीकरमधून खरखर यायची. आणि खरं सांगायचं तर दोन-तीन वर्षांपासून आम्हाला त्यावर ऐकण्यात काही मजा येऊन नाही राहिली होती. आवाज मोठा केला तर डोकं दुखायचं, कमी केला तर शब्द कळत नव्हते.

आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत हाच प्रश्न आहे. नोकरी संपली, हातात थोडा पैसा आणि पुष्कळ वेळ आहे, मुलं कमावती झालीत आणि अम्मी-अब्बांना काहीतरी चांगलं द्यावं असं त्यांना मनापासून वाटतं. मग घरात एक मोठा खोका येतो, आठ दिवस कौतुक होतं, आणि महिनाभरात त्यावर चादर पडते. आमच्याकडे तसं होऊ नये म्हणून आम्ही जवळपास चार महिने विचारपूस केली. त्यातून जे कळलं ते इथे सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. संगीत ऐकावं की नाही, यावर आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत. कुणाकडे फक्त तिलावत, नआत आणि बयान लागतं, कुणाकडे कव्वाली, गझल आणि रफीसाहेबही. हा लेख त्या वादात शिरणार नाही. यंत्राचा आणि कानाचा हिशेब दोन्हीकडे एकच आहे.

कानाची गोष्ट

आमच्यापैकी एकाची सारी नोकरी राईस मिलमध्ये गेली, दुसरीची जिल्हा परिषदेच्या शाळेत. गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. राईस मिल इथे प्रत्येकाच्या घरात नाही तर शेजारात असतेच. शेलर, पॉलिशर, एलेव्हेटर आणि फिरते पट्टे हे सगळं एकदम सुरू झालं की दोन हातांवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. आमच्या उमेदीच्या दिवसांत कानात बोळा घालणाऱ्याला लोक हसायचे. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कमाल मर्यादा धरलेली आहे, हे आम्हाला निवृत्तीनंतर कळलं. तुलनेसाठी सांगतो, ऐकण्याच्या साधनांसाठी जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक मानते. पुढे दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याला फक्त ४ तास.

कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात बारीक केसांसारख्या पेशी असतात आणि त्याच आवाजाची खबर मेंदूला देतात. या पेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. त्यातही बारीक, उंच आवाज पकडणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशीच असतात, आणि वयानुसार त्या आधी जातात. यंत्रांच्या गोंगाटाने होणारं नुकसान सहसा ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, बहुतेक वेळा ४,००० च्या आसपास, पहिल्यांदा दिसतं. तरुण कान २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो असं म्हणतात. साठीनंतर वरची हद्द पुष्कळ खाली येते. अनेकांना १०-१२ हजारांच्या वरचं काहीच ऐकू येत नाही, आणि त्याचा पत्ताही लागत नाही, कारण हे रोज थोडं थोडं होत जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे साठीपुढच्या ६५ टक्क्यांहून जास्त लोकांना ऐकण्याची काही ना काही तक्रार असते.

याचा स्टिरिओशी काय संबंध? बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनांमध्ये. आ, ओ, ऊ हे खालच्या पट्टीत असतात, ते छान ऐकू येतात. स, श, फ, ख, थ यांचा सळसळणारा भाग मात्र वरच्या पट्टीत असतो, साधारण २,००० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत. हा पट्टा गेला की माणूस म्हणतो, "आवाज येऊन राहिला, पण काय बोलून राहिले ते कळत नाही." आमच्या घरी हे वाक्य रोज व्हायचं, आणि दोष बिचाऱ्या स्पीकरला जायचा.

डोळे उघडले ते वेगळ्याच प्रसंगाने. मोठ्या मुलाची मुलगी सुट्टीत आली की आपला सबक दादांना ऐकवते. मागच्या उन्हाळ्यात ती 'से'च्या जागी 'सीन' वाचत होती. आतून स्वयंपाकघरातून अम्मीने टोकलं. समोर बसलेल्या दादांना दोन्ही अक्षरं एकच वाटली. ज्यांनी तिच्या बापाला बोट धरून मखरज शिकवले, त्यांना फरक ऐकू आला नाही. 'सीन', 'साद' आणि 'से' यांतला फरक बराचसा त्याच वरच्या पट्ट्यात असतो. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, संध्याकाळी मात्र म्हणाले, "सेट नंतर पाहू. आधी कान दाखवून येऊ."

कानाची तपासणी फार मोठी गोष्ट नाही. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे, खासगी डॉक्टरही आहेत. डॉक्टर आधी कानात मळ अडकला आहे का ते पाहतात. हसू नका, मळामुळे कमी ऐकू येणारे पुष्कळ असतात आणि त्यांचं काम दहा मिनिटांत होतं. कापूस गुंडाळलेल्या काड्या आणि गरम तेल मात्र घरी वापरू नका, मळ आणखी आत जातो. मग ऑडिओमेट्री होते. बंद खोलीत हेडफोन लावून २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवतात आणि तुम्हाला कुठून ऐकू आलं त्याची रेष कागदावर काढतात. आमच्याकडे शाळेच्या बाईंची रेष वयाच्या मानाने बरी निघाली. मिलवाल्या मियाँची रेष १,००० हर्ट्झपर्यंत जवळजवळ सपाट आणि ४,००० ला पोचताना विहिरीत पडावी तशी खाली. त्या कागदाकडे पाहून आम्हाला दोन वर्षांची भांडणं आठवली. "तुम्ही लक्षच देत नाही" हे किती वेळा म्हणून झालं होतं!

दवाखान्यात जाणं लगेच जमत नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेचं 'हिअरडब्ल्यूएचओ' नावाचं मोफत ॲप २०१९ पासून आहे. गोंगाटात बोललेले आकडे ओळखायचे असतात. त्यावरून अंदाज येतो, निदान होत नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणं कमी झालं तर ॲप-बिप सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात उशीर झाला की उपचाराचा फायदा कमी होत जातो.

आवाज वाढवून का भागत नाही? म्हाताऱ्या कानाची एक खोड असते. हळू आवाज ऐकू येत नाही, आणि थोडा मोठा केला की एकदम असह्य होतो. मधली जागाच आकसलेली असते. म्हणून तर आजोबा आधी "मोठ्याने बोल" म्हणतात आणि लगेच "ओरडतो कशाला" म्हणून रागावतात. दोन्ही वेळा ते खरंच बोलत असतात.

वॉटचा बाजार

आता दुकानाकडे वळू. मुलाने मोबाईलवर दाखवलेल्या खोक्यांवर हजारो वॉट लिहिलेले होते. हा आकडा बहुतेक वेळा पीएमपीओ असतो, म्हणजे क्षणभरासाठी कागदावर काढलेली ताकद. तो विसरा. आरएमएस वॉट विचारा. आणि तोही आकडा डोक्यावर घेऊ नका, कारण वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. २० वॉटचा ४० वॉट झाला तर कानाला जेमतेम फरक कळतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी ताकद दहापट हवी. आपल्या बैठकीत दोघांनी निवांत ऐकायला साधारण चांगल्या स्पीकरमधून सरासरी एखादा वॉटही पुष्कळ होतो.

धमक, म्हणजे बास, हाही असाच मोह आहे. दुकानात वूफर छाती हलवतो तेव्हा वाटतं, वा! घरी आल्यावर तोच जाड आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. ज्याचा वरचा पट्टा आधीच कमजोर आहे, त्याला तर काहीच उरत नाही. आपल्या भागातले लोक हे अनुभवाने जाणतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री झाडीपट्टीचं नाटक होतं. तिथल्या भोंग्यात बास नावाला नसतो, तरी संवाद शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला कळतो. मशिदीच्या भोंग्याचंही तेच. भोंगा मधला पट्टा पुढे ढकलतो, आणि शब्द तिथेच असतात. घरात भोंगा लावा असं आम्ही सांगत नाही, पण पन्नास हजारांच्या धमकीपेक्षा मधला आवाज साफ देणारा लहान स्पीकर साठीनंतर जास्त कामाचा.

'हाय-रेझोल्यूशन' या शब्दाचंही तेच. साधी सीडी १९८२ पासून आहे आणि ती जवळपास २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज धरते. आमच्या वयाच्या कानाला त्याच्या निम्म्यापर्यंत पोचणं मुश्कील. त्याच्याही वरचं देणाऱ्या यंत्राला जास्त पैसे मोजणं म्हणजे चष्मा न घालता मोठा टीव्ही घेणं. शिवाय आपण ऐकतो ते काय आहे, तेही पाहा. इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण कुरआनाचं रेकॉर्डिंग झालं, तसं ते पहिलंच मानलं जातं. कारी अब्दुल बासित यांच्या कॅसेटी तर आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात वाजल्या. पन्नास-साठच्या दशकातली रफी, तलत यांची गाणीही मोनोच. रेकॉर्डिंगमध्ये जे नाही, ते लाखाचा ॲम्प्लिफायर कुठून आणणार?

खोली बदला, पैसे लागत नाहीत

हा भाग आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. आमचं जुनं घर कवेलूचं, मातीच्या भिंतींचं होतं. त्यात साधा दोन बँडचा रेडिओही गोड वाजायचा. विविध भारती असो की रात्रीची उर्दू सर्व्हिस, शब्द न् शब्द कळायचा. २००३ मध्ये आम्ही स्लॅबचं घर बांधलं, खाली टाइल्स लावल्या, भिंतींना चकचकीत रंग दिला. आवाज तेव्हापासून बिघडला, पण आम्हाला वाटलं रेडिओ जुना झाला. टाइल्स, स्लॅब आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात. आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. तरुण मेंदू ते निस्तरून घेतो, म्हातारा मेंदू थकतो.

उपाय साधे. जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडक्यांना जाड पडदे, समोरच्या भिंतीपाशी पुस्तकांचं कपाट. आम्ही मागच्या भिंतीला जुनी गोधडी टांगून पाहिली. दिसायला भलतीच दिसली, पण फरक पहिल्याच दिवशी कळला. पुढे तिच्या जागी पडदा आला. स्पीकर कोपऱ्यात आणि कपाटाच्या डोक्यावर होते, ते खाली आणून भिंतीपासून हातभर पुढे घेतले. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर घुमतो. ट्वीटर, म्हणजे वरचा लहान स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. आणि खुर्ची जवळ घ्या. अंतर निम्मं केलं की स्पीकरमधून थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबल वाढतो. वॉट चौपट करून जे मिळेल, ते खुर्ची सरकवून मिळतं.

उन्हाळ्यात आमच्याकडे आणखी एक शत्रू असतो, कूलर. एप्रिल ते जून खिडकीतला कूलर असा घोंगावतो की त्यापुढे कुठलाही सेट हरतो. मग कूलरशी स्पर्धा करत आवाज वाढत जातो, शेजारी कुरकुर करतात, आणि डोकं भणभणतं. आम्ही उन्हाळ्यात ऐकण्याची वेळ फजरनंतरची ठेवली. थंड हवा, पंखाही बंद ठेवता येतो, रस्ता शांत. रात्रीचं ऐकायचं तर दहाच्या आत. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा कायद्यात आहे, आणि कायदा नसता तरी शेजारी आहेतच.

जुना सेट दुरुस्त होतो का?

बहुतेक वेळा होतो, दुरुस्त करणारा सापडला पाहिजे. प्रत्येक तालुक्यात एखादा तरी जुना रेडिओ मेकॅनिक अजून असतो. दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतो, पण ड्रॉवरमध्ये सोल्डरिंग गन आहे. आमरस्त्यावर दिसत नाही, विचारावं लागतं.

टेप लडखडते तेव्हा बहुधा आतला रबरी बेल्ट ढिला पडलेला असतो किंवा उन्हाने चिकट झालेला असतो. तो बदलणं स्वस्त काम. आवाज दबलेला येत असेल तर हेड घाण झालेलं असतं, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं की ट्वीटर उघडल्यासारखा वाटतो. वॉल्यूमची कळ फिरवताना खरखर येते ती कळीच्या आतल्या धुळीने आणि गंजाने. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुरतो. वूफरच्या कडेचा फोम पंधरा-वीस वर्षांत भुसभुशीत होऊन गळतो, तो नवा लावून मिळतो. घुरघुर सतत येत असेल तर सप्लायचे मोठे कंडेन्सर सुकलेले असू शकतात. आपल्याकडच्या गरमीत ते लवकर सुकतात. हे काम मात्र घरी करू नका, प्लग काढल्यावरही त्यात करंट राहतो. आणि मृगाची वीज कडाडायला लागली की सेटचा प्लग भिंतीतून काढून ठेवा. बटण बंद करून पुरत नाही.

दुरुस्ती कुठे थांबवायची? कॅसेटची मशीन नीट चालत नसेल आणि सुटा भाग मिळतच नसेल, ट्रान्सफॉर्मर जळाला असेल, किंवा दुरुस्तीचा खर्च साध्या नव्या स्पीकरच्या जोडीइतका होत असेल, तिथे. आमच्या एका नातेवाइकांनी जुन्या सेटवर तीनदा पैसे घातले. दर वेळी महिनाभर चालला. त्यांना सेट नको होता, त्यांना १९८४ हवं होतं. आम्ही त्यांना नावं ठेवणार नाही.

कॅसेटींचं काम आधी

फिलिप्सने कॅसेट १९६३ मध्ये आणली, आपल्या घरांत ती पोचली ती ऐंशीच्या दशकात. टू-इन-वन आला आणि माणसांना पहिल्यांदा आपला आवाज धरून ठेवता आला. आखाती देशांत कामाला गेलेली माणसं कॅसेटवर बोलून ती घरी पाठवायची. निकाहचं, मिलादचं, दादीच्या लोऱ्यांचं रेकॉर्डिंग घराघरांत झालं. नवा सेट आला की जुना डबा भंगारात जातो आणि त्याच्यासोबत या कॅसेटी ऐकायची सोयही जाते. म्हणून सेट बदलायचा की नाही हे ठरण्याआधी या कॅसेटी काँप्युटरवर उतरवून घ्या. डेकच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिनांमधून वायर काँप्युटरच्या लाइन-इनला किंवा यूएसबीच्या लहान डबीला जोडायची आणि रेकॉर्डिंगच्या कुठल्याही मोफत प्रोग्रामवर डब्ल्यूएव्ही फाईल बनवायची. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे फिरवून परत आणा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे टॅब मोडून टाका, मग चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. फाईलच्या दोन प्रती करा आणि वेगवेगळ्या घरी ठेवा. एक आमच्याकडे आहे, एक पुण्याला.

कानाचं यंत्र की नवा सेट?

आमच्यापुढे शेवटी हाच प्रश्न उरला. पैसा एकच होता, आणि उमराहसाठी बाजूला काढलेल्या रकमेला हात लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. हप्त्यावर घ्यायचं तर व्याज, तेही नको. मुलाने सेटसाठी जी रक्कम धरली होती, तिच्यात एका कानाचं चांगलं यंत्र बसत होतं, थोडी भर घातली तर दोन्ही कानांची.

मियाँ तयार नव्हते. "लोक काय म्हणतील, म्हातारा झाला." चष्मा लावताना कुणाला असं वाटत नाही, यंत्राचं मात्र वाटतं. ऑडिओलॉजिस्टने दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे यंत्र फक्त आवाज मोठा करत नाही, ज्या पट्ट्यात कान कमी आहे तेवढाच उचलतो. रस्त्यावर मिळणारी स्वस्त यंत्रं सगळंच मोठं करतात, म्हणून ती ड्रॉवरमध्ये पडून राहतात. दुसरी गोष्ट, कान जितका जास्त वर्षं उपाशी राहतो तितकं मेंदूला शब्द पुन्हा ओळखणं जड जातं. 'लॅन्सेट' आयोगाने २०१७ पासूनच्या आपल्या अहवालांत बहिरेपणाला स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या धोक्यांमध्ये गणलं आहे, हेही आम्ही तेव्हाच ऐकलं. यंत्राने पहिले पंधरा दिवस त्रास दिला. भांडी वाजली की दचकायला व्हायचं, स्वतःच्या चपलांचा आवाज यायचा. अजानच्या वेळी मात्र ते थांबून ऐकत राहायचे.

यंत्र लावून गाणी किंवा नआत ऐकायची असेल तर एक सूचना. ही यंत्रं मुळात बोलण्यासाठी बनवलेली असतात. सूर लांबला की त्यांना तो शिट्टीसारखा गोंगाट वाटतो आणि ती तो दाबायला जातात. आलाप मग थरथरतो. ऑडिओलॉजिस्टला सांगून संगीतासाठी वेगळा प्रोग्राम टाकून घ्या. ब्लूटूथ असलेल्या यंत्रात मोबाईलचा आवाज थेट कानात येतो, तेव्हा खोलीत कुणाला त्रासही नाही.

ऐपत कमी असेल त्यांनी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी करावी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना श्रवणयंत्र, चष्मा, काठी अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात मिळतात. तीन हजारांत चांगलं यंत्र येत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, ती गरीब ज्येष्ठांना साधनंच देते. त्यासाठी शिबिरं लागतात, त्यांच्या तारखांवर नजर ठेवावी लागते. समाजकल्याण कार्यालयात विचारायला कमीपणा मानू नका.

नवा घ्यायचाच असेल तर

काही घरांत तो घ्यावाच लागेल. त्यांनी दुकानात दोघांनी मिळून जावं आणि सोबत आपली ओळखीची तिलावत किंवा नआत मोबाईलमध्ये न्यावी. दुकानदाराचं गाणं ऐकू नये, ते धमकीसाठीच निवडलेलं असतं. कमी आवाजावर शब्द कळतात का, एवढंच पाहा. बटणं मोठी आहेत का, अंधारात हाताला सापडतात का, रिमोटवरची अक्षरं चष्म्याशिवाय दिसतात का. पासवर्ड आणि ॲपशिवाय सुरू होतो का. सारेगामाने २०१७ मध्ये पाच हजार गाणी भरलेला 'कारवां' आणला, तो मुलांनी आई-वडिलांना भेट द्यायला भरपूर घेतला. त्यामागे आवाजापेक्षा हेच कारण जास्त असावं, की कळ फिरवली की वाजतो. आणि घरातल्या दोघांनाही तो चालवता यावा. आमच्या शेजारच्या खालाजान शौहरच्या इंतकालनंतर वर्षभर शांत घरात बसून होत्या, कारण सेट कसा लावायचा ते फक्त मरहूमांना ठाऊक होतं.

आम्ही काय केलं? कानाची दोन यंत्रं घेतली, मुलाने आनंदाने पैसे दिले, थोडा रुसलाही. जुन्या सेटला बेल्ट, फोम आणि सफाई झाली. ॲम्प्लिफायर तोच. ब्लूटूथची एक लहान डबी मागे ऑक्सला लावली, म्हणजे मोबाईलवरचं त्याच स्पीकरमधून येतं. उजव्या स्पीकरचा ट्वीटर मेलेला निघाला, कोण जाणे किती वर्षांपासून, तो बदलला.

मग एका सकाळी, फजरनंतर, १९८७ च्या रमजानची उतरवलेली कॅसेट लावली. मरहूम अब्बाजान सहरीनंतर तिलावत करताहेत. मागे लांबून छोट्या लाईनच्या गाडीची शिट्टी येते, ती आम्हाला आधीपासून पाठ आहे. त्यानंतर एक बारीक किणकिण आली, थांबली, पुन्हा आली. मियाँनी विचारलं, "हे काय वाजून राहिलं?" शाळेच्या बाईंना ती किणकिण नेहमीच ऐकू येत होती, पण विचारलं कुणी नव्हतं, म्हणून सांगितलंही नव्हतं. अम्मीजान शेजारी बसून पीठ मळत होत्या. त्यांच्या बांगड्या होत्या.